सॉसेजच्या विषाचा वेध घेणारा कवी-डॉक्टर

नवी मुंबई, प्रतिनिधी

हसताना दातांबरोबर वरच्या हिरड्यांचा रुंद पट्टा दिसणे, ही अनेकांच्या मनाला लागून राहिलेली खंत असते. लग्नाच्या फोटोत ओठ घट्ट मिटून घेणे, हसू आले की तोंडावर हात धरणे, ही त्या खंतीची नेहमीची लक्षणे. दंतवैद्यकात या प्रकाराला 'गमी स्माइल' म्हणतात. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे अशा ठिकाणी दंत महाविद्यालये असलेल्या नवी मुंबईला हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. वरचा ओठ उचलणाऱ्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातल्या 'बोटॉक्स'ची, अत्यल्प मात्रा टोचली की ओठ हसताना फार वर जात नाही आणि हिरड्या झाकल्या जातात, हेही पुष्कळांना ठाऊक असते.

मात्र हे द्रव्य मुळात एक जालीम विष आहे आणि त्याचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, असा विचार सर्वप्रथम सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन कवीने मांडला होता, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. युस्टिनस केर्नर हे त्या कवीचे नाव. ते पेशाने डॉक्टर होते. आणि तेही कोणत्या मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापक नव्हेत, तर आडगावच्या रुग्णांना तपासत फिरणारे सरकारी डॉक्टर.

आजारी मुलगा, कापडाचा कारखाना

केर्नर यांचा जन्म 18 सप्टेंबर 1786 रोजी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग संस्थानातल्या लुडविग्सबुर्ग येथे झाला. वडील संस्थानच्या नोकरीत वरिष्ठ अधिकारी होते. भावंडांत युस्टिनस सर्वांत धाकटे. लहानपणी त्यांना पोटाच्या विकाराने बेजार केले. अन्न पोटात ठरत नसे. नाना उपाय थकल्यावर हाइलब्रॉन येथील डॉक्टर गमेलिन यांनी त्यांच्यावर 'प्राणिचुंबकत्वा'चा प्रयोग केला. रुग्णाच्या अंगावरून हात फिरवून त्याच्या शरीरातील अदृश्य शक्ती जागी करता येते, अशी त्या काळच्या काही वैद्यांची समजूत होती. मुलगा बरा झाला. या अनुभवाचा ठसा त्यांच्या मनावर जन्मभर राहिला आणि पुढे त्यानेच त्यांच्या कीर्तीला वेगळे वळण दिले.

वडील 1799 मध्ये वारले आणि घराची घडी विस्कटली. युस्टिनस यांना लुडविग्सबुर्गमधील कापडाच्या कारखान्यात उमेदवारीला ठेवण्यात आले. हिशेब आणि गठ्ठे यांत त्यांचे मन रमेना. फावल्या वेळात ते कविता लिहीत. कॉन्झ नावाच्या, स्वतः कवी असलेल्या एका विद्वानाने त्यांच्यातील गुण हेरले आणि त्यांच्या साह्याने 1804 मध्ये केर्नर ट्युबिंगन विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासाला दाखल झाले.

ट्युबिंगन येथे त्यांना दोन गोष्टी लाभल्या. एक म्हणजे लुडविग उलांड यांच्यासारखा कवी मित्र. दुसरी म्हणजे रुग्णाकडे बारकाईने पाहण्याची शिस्त. तेथील प्राध्यापक औटेनरीथ यांच्या रुग्णालयात 1806 मध्ये थोर जर्मन कवी ह्योल्डरलिन यांना मनोविकारावरील उपचारांसाठी आणण्यात आले. त्यांच्या दैनंदिन अवस्थेची नोंद ठेवण्याचे काम ज्या विद्यार्थ्याकडे आले, तो केर्नर होता. भ्रमिष्ट झालेल्या एका महाकवीच्या उशाशी बसून टिपणे घेणारा तरुण कवी, असे हे विलक्षण चित्र होते. पुढील आयुष्यात जे सर्वांत मोलाचे काम केर्नर यांच्या हातून झाले, त्याचा पाया याच सवयीने घातला: जे दिसते ते क्रमाने, न गाळता लिहून ठेवायचे.

सन 1808 मध्ये त्यांनी पदवी घेतली. प्राण्यांच्या श्रवणशक्तीवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. त्यानंतर हॅम्बुर्ग, बर्लिन, व्हिएन्ना असा प्रवास करून ते परतले आणि खेड्यापाड्यांत व्यवसाय करू लागले. 1813 मध्ये विद्यार्थिदशेपासूनची मैत्रीण फ्रीडरिके एमान हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

काळ्या सॉसेजची दहशत

त्या काळी व्युर्टेम्बर्गमध्ये एक चमत्कारिक आजार अधूनमधून डोके वर काढीत असे. हिवाळ्यात डुक्कर मारले की त्याचे रक्त, यकृत, मांस व चरबी आतड्यात किंवा जठराच्या पिशवीत भरून शेतकरी सॉसेज तयार करीत. ते धुरावर टांगून ठेवत आणि महिनोन्‌महिने पुरवून खात. गोव्याच्या चोरिसची ओळख असणाऱ्यांना हा प्रकार समजणे अवघड नाही. कधीकधी याच सॉसेजने अख्खे कुटुंब अंथरुणाला खिळे. 1793 मध्ये विल्डबाड या गावात अशी घटना घडली. तेथे 13 जण आजारी पडले आणि त्यांपैकी 6 जण दगावले. 1802 मध्ये संस्थानच्या सरकारने अशा सॉसेजच्या धोक्याबाबत जाहीर सूचना काढली. त्यात नेपोलियनच्या युद्धांची भर पडली. युद्धांनी प्रदेश कंगाल झाला होता आणि 1816-17 मध्ये तर तेथे दुष्काळच पडला. गरिबाघरी अन्न टाकून देण्याची ऐपत उरली नव्हती.

याच विल्डबाडमध्ये केर्नर यांनी 1811 च्या सुमारास व्यवसाय केला. त्यानंतर वेल्झहाइम, मग 1815 पासून गाइलडोर्फ येथे सरकारी डॉक्टर म्हणून आणि 1819 पासून वाइन्सबर्ग येथे, असा त्यांचा प्रवास झाला. या भागात सॉसेजमुळे आजारी पडलेल्यांना तपासण्याची वेळ त्यांच्यावर आली. 1817 मध्ये स्टाइनबुख या दुसऱ्या सरकारी डॉक्टरांच्या आणि केर्नर यांच्या निरीक्षणांना ट्युबिंगनच्या वैद्यकीय नियतकालिकात जागा मिळाली. स्टाइनबुख पुढच्याच वर्षी निधन पावले. केर्नर मात्र या विषयाचा पाठपुरावा करीत राहिले.

त्यांनी आसपासच्या घटनांची माहिती गोळा केली. कोणी काय खाल्ले, किती खाल्ले, पहिले लक्षण कधी दिसले, कोण वाचले, कोण गेले, याची नोंद केली. 1820 मध्ये त्यांचा पहिला ग्रंथ आला; त्यात 76 रुग्णांची हकीकत होती. 1822 मध्ये दुसरा आला. तोवर नोंदींची संख्या 155 झाली होती. ही माणसे शेतकरी व मजूर वर्गातील, इतिहासाने ज्यांची दखलही घेतली नसती अशी. एका सरकारी डॉक्टराच्या वहीमुळे त्यांचे मरण वैद्यकाच्या कामी आले.

गंजलेल्या तारेची उपमा

केर्नर यांनी वर्णिलेली लक्षणे आजच्या वैद्यकाच्या पुस्तकातील वर्णनाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. आधी उलट्या व पोटदुखी. मग तोंड आणि घसा कोरडा पडतो. पापण्या जड होऊन खाली येतात, बाहुल्या विस्फारतात, एकाची दोन दिसू लागतात. घास गिळवत नाही. आवाज बसतो. डोळ्यांतले पाणी आटते, घाम थांबतो. हातापायांतले बळ जाते आणि अखेर श्वास मंदावतो. या सगळ्यांत त्यांना सर्वांत भेदक वाटावी अशी गोष्ट म्हणजे रुग्णाची शुद्ध शेवटपर्यंत हरपत नसे. चेहरा निश्चल, पापणी उचलण्याचीही ताकद नाही. पण आत माणूस पूर्ण जागा आहे आणि भोवतालचे सारे त्याला कळते आहे.

यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष हा त्यांच्या प्रतिभेचा पुरावा होय. मेंदू शाबूत आहे, संवेदना शाबूत आहे. बिघाड आहे तो स्नायूंना आणि ग्रंथींना आज्ञा पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंत, असे त्यांनी ताडले. विजेची तार गंजली की प्रवाह तुटतो, तसे हे विष मज्जातंतूंची वाहकता तोडते, अशी उपमा त्यांनी दिली. विजेचे दिवे घरोघरी येण्यास अजून साठ-सत्तर वर्षे होती, हे लक्षात घेतले म्हणजे या उपमेची झेप कळते. हवा न मिळणाऱ्या बंदिस्त जागेत, आंबलेल्या सॉसेजमध्ये हे विष तयार होते आणि अगदी थोड्या प्रमाणातही ते प्राणघातक ठरते, हेही त्यांनी नोंदवले.

निरीक्षणावर न थांबता त्यांनी विषारी सॉसेजचा अर्क काढून पक्षी, मांजरे, ससे, बेडूक अशा प्राण्यांवर प्रयोग केले. इतकेच नव्हे, तर त्या अर्काचे काही थेंब स्वतःच्या जिभेवर घेतले. चव आंबट होती. पाठोपाठ टाळू व घसा कोरडा पडला आणि तळहात व तळपायही शुष्क झाल्याचे त्यांना जाणवले. घरी पत्नी आणि लहान मुले असताना केलेले हे धाडस आजच्या नियमांत बसणारे नाही आणि कोणी त्याचे अनुकरण करावे असेही नाही. मात्र 155 रुग्णांची हकीकत जमवताना हे विष काय करू शकते, हे त्यांच्याइतके त्या काळी क्वचितच कोणाला ठाऊक असेल, हे ध्यानी घेतले पाहिजे.

त्यांचे एक अनुमान मात्र चुकले. हे विष चरबी नासून तयार होणारे आम्ल असावे, असे त्यांना वाटत होते आणि म्हणून त्यांनी त्याला 'चरबीचे विष' हेच नाव दिले. जंतूंमुळे रोग होतात, हा विचारच अद्याप जन्माला यायचा होता.

विष हेच औषध

1822 च्या ग्रंथातील आठव्या प्रकरणात केर्नर यांनी एक पाऊल पुढे टाकले. जे विष स्नायूंची हालचाल थांबवते आणि घाम, लाळ यांसारखे स्राव आटवते, तेच अत्यल्प प्रमाणात दिले तर जेथे ही हालचाल किंवा हे स्राव अति झाले आहेत, तेथे उपयोगी का पडू नये, असा त्यांचा तर्क होता. हातापायांना अनावर झटके देणाऱ्या 'कोरिया' या विकारासाठी, अतिघामासाठी आणि शरीरातील अतिरिक्त स्रावांसाठी त्यांनी त्याची शिफारस सुचवली. आपल्याकडे बचनाग किंवा बिब्बा यांसारखी विषारी द्रव्ये शोधन करून, मात्रा सांभाळून औषधात वापरण्याची परंपरा जुनी आहे. त्यामुळे मराठी वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. युरोपात या विशिष्ट विषाबाबत तो मांडणारे पहिले केर्नर.

त्यांच्या यादीत रेबीज, प्लेग, क्षय आणि पीतज्वर हेही होते. ते अर्थात फोल ठरले. पण ही केवळ कल्पना आहे आणि ती खरी की खोटी हे पुढील काळातील निरीक्षणेच ठरवतील, अशी स्पष्ट कबुली त्यांनी सोबतच दिली होती.

भुतांचा डॉक्टर

यानंतर केर्नर यांचे नाव गाजले ते वेगळ्याच कारणाने. वाइन्सबर्ग येथे 1822 मध्ये त्यांनी बांधलेले घर म्हणजे कवी, विद्वान आणि वाटसरू यांची धर्मशाळाच होती. उलांड, लेनाऊ, म्योरिके यांच्यासारखे कवी तेथे येऊन राहत. घरामागच्या टेकडीवर एका पडक्या किल्ल्याचे अवशेष होते. 1140 मध्ये हा किल्ला पडला तेव्हा स्त्रियांना खांद्यावर नेता येईल ते घेऊन जाण्याची मुभा मिळाली आणि त्यांनी आपापल्या नवऱ्यांनाच पाठीवर घेतले, अशी त्याची प्रसिद्ध आख्यायिका आहे. त्या किल्ल्याचे दगड लोक नेत होते. केर्नर यांनी महिलांची संस्था उभारून त्याचे जतन केले आणि वाऱ्याने आपोआप वाजणाऱ्या वीणा त्या भिंतींत बसवल्या.

1826 मध्ये फ्रीडरिके हाउफे ही अत्यवस्थ तरुणी त्यांच्याकडे उपचारांसाठी आली. ती तंद्रीत जाई, मृतात्मे दिसतात असे सांगे. केर्नर यांनी तिच्यावरही, लहानपणी आपल्यावर झालेला चुंबकत्वाचा प्रयोग केला आणि जुन्याच सवयीने तिचे शब्द न शब्द टिपून घेतले. 1829 मध्ये ती वारली. त्याच वर्षी तिच्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो खूप खपला, पण भुताखेतांवर विश्वास ठेवणारा डॉक्टर अशी त्यांची थट्टाही झाली. सॉसेजवरील संशोधनामुळे त्यांना आधीच गमतीने 'सॉसेज-केर्नर' म्हणत असत. कवी म्हणून मात्र त्यांचा मान कायम राहिला. 1840 मध्ये थोर संगीतकार रॉबर्ट शुमान यांनी त्यांच्या बारा कवितांना चाली दिल्या आणि ती गाणी आजही जगभर गायली जातात.

एकाच माणसाच्या ठायी एवढी काटेकोर शास्त्रीय दृष्टी आणि एवढा भाबडेपणा कसा नांदला, हे कोडे आहे. मात्र सॉसेजच्या अभ्यासात त्यांनी पडताळणीचा मार्ग धरला आणि तेथे ते टिकले. हाउफेच्या बाबतीत त्यांनी ऐकले ते मानले आणि तेथे ते हसू झाले. हा फरक पुढल्या पिढ्यांनी ओळखला.

उतारवयात त्यांची दृष्टी मोतीबिंदूने मंदावत गेली आणि 1851 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 1854 मध्ये पत्नीचे निधन झाले. नीट न दिसल्याने कागदावर शाईचे डाग पडत. तो कागद घडी घालून उघडला की दोन्ही बाजूंना सारख्या आकृत्या उमटत. त्यांना चेहरे, पक्षी, भुते समजून केर्नर त्यांवर कविता रचू लागले. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1890 मध्ये निघाले. अशाच शाईच्या डागांचा उपयोग करणारी हेर्मान रोरशाख यांची मानसशास्त्रीय चाचणी 1921 मध्ये आली. 21 फेब्रुवारी 1862 रोजी वाइन्सबर्ग येथे केर्नर यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांचे घर आता संग्रहालय आहे.

सॉसेजपासून स्मितापर्यंत

केर्नर यांनी अर्धवट सोडलेला धागा त्यांच्या निधनानंतर तेहतीस वर्षांनी पुन्हा सापडला. डिसेंबर 1895 मध्ये बेल्जियममधील एलेझेल या गावी अंत्ययात्रेत वादन करून आलेल्या वाजंत्र्यांनी हॅम खाल्ले आणि त्यांच्यापैकी तिघांचा मृत्यू झाला. प्राध्यापक एमिल वान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून जंतू वेगळा काढला. लॅटिन भाषेत सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात. त्यावरून या आजाराला व जंतूला नाव मिळाले. हा जंतू हवेविना वाढतो, हे केर्नर यांचे निरीक्षण खरे ठरले. 1949 मध्ये तर विष नेमके कोठे घाला घालते तेही कळले. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटते आणि स्नायू आकुंचन पावतो. हे विष ते रसायन सुटूच देत नाही. गंजलेल्या तारेची उपमा अशी शास्त्राच्या कसाला उतरली.

अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर या विषाचा उपयोग करून दाखवला आणि 1989 मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. मानेच्या स्नायूंच्या अनावर आकुंचनासाठी 2000 मध्ये, कपाळावरील आठ्यांसाठी 2002 मध्ये, तर काखेतील अतिघामासाठी 2004 मध्ये मान्यता मिळाली. अनावर हालचाल आणि अतिघाम हे दोन्ही केर्नर यांच्या यादीत होते. सौंदर्याचा विचार मात्र त्यांच्या मनातही आला नव्हता.

गमी स्माइलवरील उपयोग हा त्याच्याही पुढचा टप्पा. पोर्तो रिको येथील दंतव्यंगोपचारतज्ज्ञ मारिओ पोलो यांनी 2005 मध्ये 5 आणि 2008 मध्ये 30 रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. दुसऱ्या अभ्यासात सरासरी 5 मिलिमीटरहून अधिक दिसणाऱ्या हिरड्या दोन आठवड्यांनी जवळजवळ झाकल्या गेल्या होत्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना, वरचा ओठ उचलणारे स्नायू जेथे एकत्र येतात तेथे सहसा दर बाजूस दोन-चार युनिट इतकीच मात्रा दिली जाते. दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत तो पूर्ण होतो आणि सामान्यतः तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. हा कायमचा उपाय नव्हे.

तो सर्वांसाठीही नव्हे. ओठ उचलणारे स्नायू अति कार्यक्षम असतील तरच इंजेक्शनाचा खरा लाभ होतो. हिरड्यांनी दात जास्त झाकले असतील तर हिरडीवरची छोटी शस्त्रक्रिया, आणि वरचा जबडाच उंचीने अधिक वाढला असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया, हे मार्ग आहेत. मात्रा वा जागा चुकली तर हसू वाकडे होते, ओठ लोंबतो, बोलताना किंवा पाणी पिताना अडचण येते. गर्भवतींनी आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायुदौर्बल्याचा विकार असलेल्यांनी ते टाळावे लागते. स्वस्त, अनधिकृत द्रव्याचा धोका तर याहून गंभीर आहे. 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा येथे माणसांसाठी नसलेले, केवळ प्रयोगशाळेसाठीचे तीव्र विष टोचल्याने चौघे जण पक्षाघाताने रुग्णालयात पोहोचले. केर्नर यांनी ज्या शेतकऱ्यांची हकीकत लिहिली होती, त्यांचाच आजार या चौघांना जडला होता.

म्हणूनच सुंदर हसण्याची इच्छा घेऊन दवाखान्याची पायरी चढणाऱ्याने काही प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. हिरड्या दिसण्याचे कारण नेमके कोणते? औषध कोणत्या कंपनीचे आहे आणि कुपी समोर उघडली जाईल का? मात्रा किती, आणि ती देणाऱ्याचे प्रशिक्षण कोणते? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

केर्नर यांनी आयुष्यात अनेक गोष्टी मानल्या. त्यांतल्या काही खऱ्या ठरल्या, काही खोट्या. सॉसेजच्या विषाबाबत ते खरे ठरले, कारण तेथे त्यांनी प्रत्येक मृत्यूचे कारण विचारले आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवला. ज्या विषाने व्युर्टेम्बर्गच्या शेतकऱ्यांचे चेहरे कायमचे निश्चल केले, तेच आज कोणाला मोकळेपणाने हसू देत असेल, तर त्यामागे हा हिशेब आहे. तो चुकला, की औषध पुन्हा विष होण्यास वेळ लागत नाही.